गीत, वाद्य व नृत्य यांचे एकत्र कुटुंब

संगीत हा शब्द कानी पडताच आजच्या वाचकाच्या मनापुढे गाणे उभे राहते. फार तर त्याच्या जोडीला तबला आणि पेटी. नृत्य त्याला त्याहून निराळे वाटते आणि नाटक तर सर्वस्वी निराळे. शाळांतून, परीक्षांतून, पारितोषिकांच्या याद्यांतून ह्या तिन्ही गोष्टींची खाती आता वेगळी झालेली आहेत. परंतु ज्या ग्रंथाचा आधार दक्षिणोत्तर दोन्हीकडचे गायनपंडित आजही घेतात, त्या ‘संगीतरत्नाकरा’त व्याख्या अगदी स्वच्छ आहे. गीत, वाद्य आणि नृत्त ह्या तिहींस मिळून संगीत म्हणावयाचे. आणि त्या तिहींतही नृत्ताने वाद्यामागून चालावयाचे, वाद्याने गीतामागून, म्हणून वडीलपणाचा मान गीताचा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

ह्या व्याख्येचा कर्ता शार्ङ्गदेव हा आमच्याच मुलखातला, ही गोष्ट मात्र मराठवाड्यातील पुष्कळ सुशिक्षितांस सांगावी लागते. त्याचा आजा भास्कर काश्मिरातून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या पदरी राहिला, आणि शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या कारकीर्दीत, म्हणजे इसवी सनाच्या 13व्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरीस श्रीकरणाचा अधिकारी होता. श्रीकरण म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे दफ्तर. हिशेबाच्या माणसाने लिहिलेला ग्रंथ म्हणूनच की काय, त्यात कसलीही बाब नोंदीवाचून राहिलेली नाही. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि शेवटी नर्तन असे त्याचे सात अध्याय. गायकांचा उत्तम वृंद कसा असावा हे सांगतानाही त्याने आकडे दिले आहेत: मुख्य गायक 4, त्यांचे साथी 8, गायिका 12, बासरीवाले 4 आणि मृदंगी 4. ‘वाद्यवृंद’ हा शब्द आपण हल्ली ऑर्केस्ट्रासाठी वापरतो, त्यातील वृंद हा असा देवगिरीच्या दफ्तरातून आलेला आहे. देवगिरीचा किल्ला पाहावयास शाळांच्या सहली दरवर्षी जातात. मुले खंदक पाहतात, चांदमिनार पाहतात, अंधारी वाट पाहतात. त्याच देवगिरीवर संगीताचा हा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला गेला, एवढे एक वाक्य त्यांस कोणी सांगत असेल तर आम्हांस ऐकावयास आवडेल.

शार्ङ्गदेवाच्या मागे अर्थात भरताचे नाट्यशास्त्र आहे. त्यातील कथा प्रसिद्धच आहे. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला. कथा कथेच्या जागी राहू द्या. पण ग्रंथाची रचना पाहिली तरी तोच आशय दिसतो. चौथ्या अध्यायात तांडवाची 108 करणे, पुढे हस्त, दृष्टी, चाली, छंद, भाषा, नाटकाचे प्रकार, आणि अठ्ठाविसाव्या अध्यायापासून संगीत. एकाच ग्रंथात हे सारे असल्यामुळे नर्तकीचा, वीणावाद्याचा आणि नटाचा कोश एकच होता. त्याही आधी पाणिनीने शिलालि आणि कृशाश्व यांच्या नटसूत्रांचा उल्लेख केला आहे. व्याकरणाच्या सूत्रांत नटांची सूत्रे यावीत ह्यात नवल मानावयास नको, कारण ह्या कलांचे निम्मे शब्द व्याकरणाच्याच घरचे आहेत.

‘मात्रा’ हाच शब्द घ्या. वर्णाच्या उच्चाराला लागणारा काळ ती व्याकरणातली मात्रा. वृत्तात लघूची एक व गुरूच्या दोन त्या छंदातल्या. त्रितालाच्या सोळा आणि झपतालाच्या दहा त्या तबलजीच्या. आणि वैद्याने मधातून चाटवावयास दिलेली तीही मात्राच. चारही ठिकाणी अर्थ एकच, मोजून घेतलेले परिमाण. पाणिनीचे ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत हे तालशास्त्रात लघु, गुरु, प्लुत होऊन बसले. कर्नाटक पद्धतीचा आदिताल म्हणजे एक लघु आणि दोन द्रुत, अशा आठ मात्रा होतात, हे तिकडचा आठ वर्षांचा मुलगा हातावर टाळी देऊन दाखवतो. ‘धातु’ शब्दाने तर संस्कृतच्या विद्यार्थ्याची गंमतच होते. भू, गम्, कृ घोकून आलेल्या मुलास रत्नाकर सांगतो की, गीतातील शब्दांस मातु म्हणावे आणि सुरावटीस धातु. आणि जो दोन्ही स्वतः रचील तो वाग्गेयकार. ‘ग्राम’ही असाच. षड्जग्राम, मध्यमग्राम ह्यांतील ग्राम म्हणजे आपले गावच. गावात जशी कुटुंबे आपापल्या घरांनी व हद्दींनी राहतात, तसे सात स्वर बावीस श्रुतींच्या वस्तीत राहतात. षड्जाच्या वाट्याला चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, अशा वाटण्या ठरलेल्या. खेड्यात जन्म काढलेल्या आमच्यासारख्यास ह्या एका शब्दाने श्रुतींचा सारा विषय जितका उलगडला तितका तो कोष्टकांनी उलगडला नाही.

असे हे शब्द आज कोठे आहेत? बहुतेक सारे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, पण घरचा पत्ता विसरून. काही वर्षांपूर्वी वर्गात आम्ही विचारले, “सूत्रधार म्हणजे कोण?” एका चलाख मुलाने उत्तर दिले, “गुरुजी, दरोड्यामागचा मुख्य माणूस.” वर्ग हसला, पण मुलाचे उत्तर वर्तमानपत्राप्रमाणे अचूक होते. दरोडा, अपहार, पेपरफुटी ह्यांवाचून सूत्रधार हा शब्द हल्ली छापून येतो तरी कोठे? वस्तुतः रंगमंडप आखताना मापाची दोरी धरणारा, अथवा बाहुल्यांची सूत्रे हाती धरणारा, असे त्याचे दोन अर्थ विद्वान लावतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर लोक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, तो पाहिल्यावर दुसरा अर्थ मनास अधिक पटतो.

‘नेपथ्या’ची वाट आणखी निराळी. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषा आणि पडद्यामागील वेश चढवण्याची जागा. ‘नेपथ्ये’ असा शब्द आला की, आतून आवाज येतो आहे असे विद्यार्थी समजतो. आज नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य अमक्याचे असे वाचले तर समजावयाचे की, रंगमंचावरील घर, जिना, खिडकी ह्यांची मांडणी त्या गृहस्थाने केली. जे पडद्याआड होते ते पडद्यापुढे आले! भूमिका हीही मूळची नटाची. त्याने घेतलेले सोंग. आता पुढारी रोज भूमिका घेतात, बदलतात आणि स्पष्टही करतात. हा अर्थविस्तार मात्र आम्हांस मार्मिक वाटतो. ‘पात्र’ म्हणजे भांडे. ज्यात रस भरावयाचा ते. रत्नाकरात नाचणारीला पात्र म्हटले आहे, कारण नर्तनाचा आधार ती. हिंदीत त्याच शब्दाचे ‘पातुर’ होऊन त्याला हलका वास आला, मराठीत ते नाटकातील व्यक्तीला लागले आणि प्रतिष्ठित राहिले. ‘हावभाव’ तर आपण एकच शब्द समजतो. भरताने भाव, हाव आणि हेला अशा नायिकेच्या मनोविकाराच्या तीन चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आतला विकार किंचित दिसू लागला तो भाव, डोळ्याभिवयांत उतरला तो हाव, आणि अंगभर उघड झाला ती हेला. आपण पहिल्या दोन पायऱ्यांचा जोडशब्द केला आणि तिसरी पायरी विसरलो.

सर्वांत देखणा संसार ‘रंग’ शब्दाने केला आहे. रंगभूमी, रंगपीठ, रंगमंच हे तर त्याचे सरळ वंशज. पण मैफल रंगते, गप्पा रंगतात, पत्त्यांचा डाव रंगतो, विडाही रंगतो. एखाद्याचा बेत फसला तर रंगाचा बेरंग होतो. आणि कीर्तनाचे पूर्वरंग-उत्तररंग हे शब्द तर ज्यांच्या घरी चातुर्मासात हरिदास उतरत असत, त्या वाचकांच्या कानांत बसलेले असतील. नाट्यशास्त्रात पूर्वरंग म्हणजे नाटक सुरू होण्यापूर्वीचा सारा विधी: वाद्ये लावणे, गायक-वादकांनी आपापल्या जागी बसणे, नांदी, रंगदेवतेचे पूजन. नारदीय कीर्तनकाराने शब्द तोच ठेवला आणि त्यात निरूपण घातले. आख्यानाला उत्तररंग म्हटले. एकटा माणूस उभा राहून गातो, मधूनच पावले टाकून नाचतो, झांज वाजवतो, एका दमात राम आणि रावण दोघांचीही भाषणे करतो. शार्ङ्गदेवाची त्रयी आणि भरताचा अभिनय एका उपरण्यात बांधलेला दुसरा कोणता प्रकार आम्हांस तरी ठाऊक नाही.

हेच कीर्तन मराठ्यांबरोबर तंजावरास गेले. तेथील शाहजी राजाने 17व्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके रचली, हे आता सर्वमान्य आहे. आणि तमिळ मुलखातील हरिकथा सांगणारे भागवतर अद्यापही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपलीच नावे घेऊन त्या चाली गातात. 19व्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या सरफोजीच्या दरबारात ज्या चार बंधूंनी तिकडील नृत्याचा आजचा कार्यक्रम बसवला, त्या दरबारात मराठी निरूपणेही नाचली जात. आपल्या मुली आज पुण्यामुंबईस भरतनाट्य शिकतात, तेव्हा त्या अगदीच परक्या घरी जात नाहीत, एवढे आजीने म्हणावयास हरकत नाही.

अर्वाचीन मराठी रंगभूमीची कथा वाचकांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले. त्यात पदे म्हणावयाची ती सूत्रधाराने, आणि पात्रांनी त्याबरहुकूम अभिनय व भाषणे करावयाची. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रे स्वतःच गाऊ लागली. वरवर पाहता हा लहानसा फेरफार. पण त्याने सूत्रधाराला नांदीनंतर रजा मिळाली आणि गायक-नटाचे युग सुरू झाले. त्याबरोबर नवे शब्द आले. अंक संस्कृतातला, प्रवेश शब्द जुना असला तरी इंग्रजी नाटकातील तुकड्याचा अर्थ त्यात नव्याने भरलेला, वन्समोअर तर उघड विलायती. पडदा फारसी. दिग्दर्शक, मध्यंतर हे पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळले आणि इतके रुळले की, ते कोणी घडवले होते ह्याचीच लोकांस विस्मृती पडली. नव्या शब्दाला याहून मोठे यश ते कोणते?

तथापि सगळाच फारसी माल बाहेर काढावा ह्या मताचे आम्ही नाही. आमचा जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील कचेरीची व शाळेची भाषा उर्दू होती, आणि गाण्याची बैठक तर सर्व महाराष्ट्रात मैफल, रियाज, फर्माईश ह्याच शब्दांनी बोलते. त्यांतील ‘दाद’ घ्या. फारसीत दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो, आणि गवयाने समेवर मुखडा आणून टाकला की दाद देतो. म्हणजे श्रोता न्यायाधीश झाला. कलावंताच्या श्रमांस न्याय देणे हे त्याचे काम. ‘प्रशंसा’ हा शब्द त्याच्या जागी ठेवून पाहा, अर्थ निम्म्यावर येतो. तालीम म्हणजे अरबीत शिक्षण. मराठीत ती नाटकाचीही होते, गवयाचीही होते, आणि कोल्हापुरास मल्ल जेथे घुमतात तीही तालीमच. तिन्हींत घाम सारखाच गळतो, तेव्हा शब्द एक असण्यात औचित्यच आहे.

येथवर जे लिहिले ते सुशिक्षित घरांत वाचले जाईल आणि बहुधा आवडेलही, कारण त्यातील बहुतेक शब्द संस्कृत किंवा दरबारी आहेत. परंतु शार्ङ्गदेवाने संगीताचे दोन भाग केले आहेत, मार्ग आणि देशी. मार्ग म्हणजे ब्रह्मादिकांनी शोधलेले, नियमबद्ध. देशी म्हणजे देशोदेशींच्या लोकांस जे रुचते ते. आणि ग्रंथाचे माप घेतले तर ह्या पंडिताने मोठी मेहनत देशीवर खर्च केलेली आहे. लोक ज्या स्वरखंडाला ठाय म्हणत, तो त्याने स्थाय म्हणून नोंदवला. आपले तबलजी ठाय, दुगुन, चौगुन म्हणतात तो शब्द ह्याच वळणाचा. आपल्या घरांनी मात्र मार्ग ठेवला आणि देशी अंगणाबाहेर ठेवली. लावणी ऐकावयाची नाही, फडाजवळ जावयाचे नाही, ही शिस्त अनेकांच्या लहानपणी असेल. तरीही शब्द उंबरा ओलांडून आत आलेच. पुढाऱ्याची री ओढणे म्हणतो तेव्हा आपण शाहिराच्या मागे उभा राहून सूर लांबवणाऱ्या सुरत्याला आठवत असतो, नकळत. झीलकरी तोच. पालुपद लावणे, तुणतुणे वाजवीत बसणे, टाळ कुटणे, ताळतंत्र सोडणे, तालावर नाचवणे हे सारे त्याच वाटेने आलेले. बतावणी हा तमाशातील गण-गौळणीनंतरचा विनोदी संवाद. आपण तिचा अर्थ ढोंग असा करून ठेवला. फड तमाशाचा, फड कुस्त्यांचा, आणि आमच्या तेरणेकाठी फड उसाचाही. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण तर ज्याने रात्रीचा खेळ मशालीच्या उजेडात पाहिला असेल त्यानेच घडवली असणार. देवदेवतांच्या नमनातच तेल संपले तर पुढील आख्यान अंधारात.

आणि शिस्त म्हणावी तर तीही सर्वांनी पाळलेली नाही. पेशवाईच्या अखेरीचे सोलापूरचे राम जोशी हे वेदशास्त्रसंपन्न घरातले. संस्कृत, कानडी, हिंदुस्थानी आणि मराठी अशा भाषांची मिसळ करून त्यांनी लावण्या रचल्या, आणि मोरोपंतांच्या सांगण्यावरून पुढे कीर्तनाकडे वळले असे सांगतात. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866-1945) यांनी तर घर, वतन आणि जात एवढे सगळे सोडले व ते पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या वागण्याचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, मार्ग आणि देशी ह्यांमधील भिंत आपण समजतो तितकी जाड कधीच नव्हती.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. तो शब्द गोंधळ. विधिमंडळात गोंधळ, परीक्षेच्या वेळापत्रकात गोंधळ, लग्नात पंगतीचा गोंधळ. अव्यवस्थेला मराठीत याहून सोपा शब्द राहिलेला नाही. मतांचा ‘जोगवा’ मागणारे उमेदवारही वर्तमानपत्रांत दर निवडणुकीला दिसतात. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील माणसाला हे वाचताना कसे वाटावे? देशस्थांच्या बहुतेक घरी लग्नामुंजीनंतर गोंधळ हा कुळाचार आहे. चौक मांडायचा, चौरंगावर धान्य, कलश, देवीचा टाक. दिवटी पाजळायची, बुधलीतून तिच्यावर तेल घालायचे. नायकाने गण म्हणून गावोगावच्या देवतांस आवाहन करायचे, झीलकऱ्याने त्याचा शेवटचा शब्द उचलायचा, मग आख्यान, आणि उजाडता उजाडता आरती. कोणी तुळजाभवानीचे कदमराई, कोणी माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. ह्यात अव्यवस्था कोठे आहे? उलट भरताचा पूर्वरंग पायरीपायरीने येथेच शिल्लक राहिला आहे. वाद्यांचे चार वर्ग शास्त्राने केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. गोंधळ्याचे तुणतुणे तत, संबळ अवनद्ध, झांज घन. देवळातील सनई बरोबर असली तर सुषिरही आले.

शब्दाचे कुळही हलके नाही. रत्नाकरात गौंडली नावाच्या एका देशी नृत्ताचे वर्णन आहे, आणि गोंधळाचे मूळ त्यात शोधणारे विद्वान आहेत. ते नृत्त कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबाराशी जोडलेले सांगतात. ते कल्याण म्हणजे आमच्या उमरग्याच्या पूर्वेस, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण. तेथल्याच तिसऱ्या सोमेश्वराने 12व्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला व त्यात गीत, वाद्य आणि नृत्य ह्यांना राजाच्या विनोदांत स्थान दिले. म्हणजे एका बाजूस कल्याण, दुसऱ्या बाजूस देवगिरी, आणि मध्ये तुळजापूर. ह्या त्रिकोणात राहणाऱ्यांनी तरी गोंधळ हा शब्द जरा जपून वापरावा की नाही?

शब्द नुसते कोशात ठेवून जगत नाहीत. त्यांना अंगण लागते, रात्र लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आमच्या आसपासच्या पुष्कळ गावांवर काय ओढवले, ते येथील घरोघरी आहे. त्यानंतर अनेक गावे उठून नव्या जागी वसली. घरे सरळ रांगेत आली, रस्ते रुंद झाले, ह्याबद्दल तक्रार नाही. पण देवळापुढचा जुना पार, जेथे भारूड होई, आराधिणी बसत, सोंगे निघत, तो आराखड्यात कोठून असणार? आणि लग्ने मंगल कार्यालयात जाऊ लागल्यापासून रात्रही गेली. गेल्या मार्गशीर्षात आमच्या नात्यातील एका लग्नानंतर गोंधळ होता. कार्यालयाची वेळ संध्याकाळी संपणार म्हणून यजमानांनी आधीच सांगितले, “अर्ध्या तासात आवरा.” नायक साठीचा, बरोबर त्याचा मुलगा आणि एक झीलकरी. त्याने गण म्हटला, आख्यानाच्या चार ओळी म्हटल्या आणि आरतीचे ताट मागितले. सारी रात्र चालावयाचा विधी वीस मिनिटांत झाला. दक्षिणेचे पाकीट मात्र जाड होते.

त्या दिवशी पुण्याहून आलेली आमची नात जवळ बसली होती. ती भरतनाट्य शिकते, आमचा पुतण्या तबला वाजवतो, आणि वहिनी भजनी मंडळात गातात. एरवी ह्या तिघांचे आपसांत कलेविषयी बोलणे होत नाही, कारण शब्द जमत नाहीत. नात ‘काउंट’ म्हणते, पुतण्या मात्रा म्हणतो, वहिनी ठेका म्हणतात. आणि प्रत्येकास वाटते की, दुसऱ्याचे काही निराळे आहे. संबळ सुरू झाल्यावर नातीने सवयीने मांडीवर टाळी धरली: एक टाळी व तीन बोटे, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. तिचा आदिताल संबळावर नेमका बसला. पुतण्या म्हणाला, “हा तर केरवा.” वहिनी म्हणाल्या, “छे, आमचा भजनी ठेका.” तिघांच्याही मात्रा आठच होत्या, आणि ते त्यांना एकमेकांच्या हातांकडे पाहून कळले.

आरती झाल्यावर नात नायकाजवळ जाऊन बसली आणि तिने विचारले, “काका, तुम्ही या तालाला काय म्हणता?” तो संबळाच्या वाद्या सैल करीत होता. म्हणाला, “बाई, ताल-बिल आमाला ठावं न्हाई. ही गणाची चाल. आख्यानाची येगळी, आरतीची येगळी.” ती म्हणाली, “एकेक वाजवून दाखवाल?” त्याने दाराकडे पाहिले, कार्यालयाची माणसे खुर्च्या गोळा करीत होती. मग त्याने वाद्या पुन्हा ओढल्या, वाकड्या टोकाची काठी उजव्या हातात घेतली आणि मुलाला झांज काढावयास सांगितले. नातीने वही उघडली. पहिल्या ओळीवर तिने ‘गणाची चाल, मात्रा 8’ असे लिहिले, आणि खाली पुढच्या चालींसाठी जागा सोडली.